बोट की रूळ

माझी आई विजयदुर्गची. लग्न होऊन मुंबईला आली ती बोटीने. बोट लांब खोल पाण्यात उभी राहायची, मग किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं. पडाव बोटीच्या कुशीला लागला की वरून खलाशी हात द्यायचा. लाट पडावाला वर उचलेल नेमक्या त्या क्षणी पाय टाकायचा, कारण पुढच्या क्षणाला पडाव खाली गेलेला असायचा. आई हे सांगायची तेव्हा नकळत हात पुढे करायची. पदराला लिंबू बांधलेलं, बोट लागू नये म्हणून. पहाटे जाग आली की मुंबईचे दिवे. तिच्या सगळ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा प्रवास होता, आणि मी तो इतक्या वेळा ऐकलाय की कधीकधी वाटतं, मीच त्या बोटीवर होते.

ह्यांचं गाव रेवसजवळ. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली 'रामदास' बोट रेवसला पोहोचलीच नाही. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्यांत ह्यांच्या आजोबांचे धाकटे भाऊ होते, आखाडातल्या अवसेला घरी यायला निघालेले. ह्यांचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, पण त्या घरात बोट हा विषय कोणी काढत नसे. अजूनही आम्ही गावाला जातो ते ठाण्याहून पनवेल, पेण, वडखळ असा सगळा वळसा घालून. धक्क्यावरून लाँच पकडली तर किती लवकर पोहोचू, हे मी लग्नानंतर एकदाच बोलले होते.

मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. नॉर्वेचा किनारा फळ्यावर दर वर्षी काढायचे, खडू उभा धरून, दातेरी. हे रेल्वेत, ट्रॅकचं काम. नोकरीची बरीच वर्षं कल्याण ते इगतपुरी या पट्ट्यात गेली. मी निवृत्त झाल्यावर एकदा तरी उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे जायचं असं ठरवलं, तेव्हा दोघांचं ठिकाणाबद्दल, म्हणजे नॉर्वेबद्दल, एकमत झालं आणि जायचं कसं यावर चार महिने गाडं अडलं. मला समुद्रावरून जायचं होतं, ह्यांना जमिनीवरून.

हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत पडतो. नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीतच तीन कुटुंबांनी मला विचारलं, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

सुरुवातीला आम्ही राम मारुती रोडवरच्या एका टूरवाल्यांकडे गेलो. त्यांनी मोठ्या क्रूझचं पत्रक पुढे केलं: तीन हजार प्रवासी, थिएटर, पोहण्याचे तलाव, जेवायला दहा जागा. माझ्या नणंदेने त्याच्या आदल्या वर्षी अशीच अलास्काची क्रूझ केली होती. ताई खूश होऊन आल्या आणि त्या का खूश होत्या हेही मला कळतं. तिकडे जमिनीवरून जायचं म्हटलं तरी जाता येत नाही अशा जागा आहेत. ज्युनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नाही. विमानाने जा नाहीतर बोटीने. समुद्रात तुटून पडणारा हिमनदीचा कडा डेकवरून दिसतो तसा रस्त्यावरून दिसणार नाही. पण डेनाली पर्वत पाहायचा तर आत जमिनीवर शिरावं लागतं, आणि तिथल्या अभयारण्यातला एकुलता एक रस्ता 2021 साली दरड सरकल्यामुळे अर्ध्यावरच बंद झाला. ताईंची बोट व्हँकुव्हरहून सुटणारी होती, म्हणून त्यांना अमेरिकेचाही व्हिसा लागला आणि कॅनडाचाही. क्रूझ ठरवताना ती कुठल्या देशातून सुटते हे आधी बघा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

मला मात्र ते पत्रक बघून जाववेना. नॉर्वेत गायरांगर नावाच्या फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, टोकाला एक गाव आहे, वस्ती अडीचशेच्या आसपास. अशा गावात एका सकाळी तीन हजार माणसं उतरायची, चार तास दुकानांत फिरायची आणि परत वर चढायची. मी त्या तीन हजारांतली एक होणार, हे मनाला पटत नव्हतं.

ह्यांचा बेत वहीत तयार होता. ओस्लो ते बर्गन रेल्वे, 1909 साली सुरू झालेली. मध्ये मिर्डालला उतरून फ्लोमची घाटातली गाडी. मग विमानाने उत्तरेला ट्रोम्सो आणि तिथे आठ दिवस मुक्काम. वहीत उताराचे आकडे होते. आपल्या कसारा घाटात चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यासाठी कसाऱ्याला मागे बँकर इंजिनं लावावी लागतात. फ्लोमच्या मार्गावर तोच चढ एकास अठरा. "दुप्पट चढ, आणि गाडी साधी चाकांवर चालते, दात्यांची पट्टी नाही," हे म्हणाले. तो आकडा सांगताना ह्यांचा चेहरा असा झाला होता की वाद घालायची माझी इच्छाच गेली.

तरी मी एक दिवस तलावपाळीला फिरताना माझं म्हणणं मांडलं. मला क्रूझ नकोच होती, मला बोट हवी होती, आणि यात फरक आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत रोज एक बोट सुटते. हुर्टिग्रूटन म्हणतात तिला, म्हणजे जलद मार्ग. 2021 पासून दोन कंपन्यांच्या बोटी मिळून तो चालवतात. वाटेत 34 बंदरं. काही ठिकाणी तीन तास थांबते, काही ठिकाणी पंधरा मिनिटं. पर्यटक असतात, पण एका गावाहून पुढच्या गावाला जाणारे तिथले लोकही असतात आणि खाली सामान असतं. रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने जुलै 1893 मध्ये ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टला पहिली फेरी केली. त्याआधी त्या दोन गावांमध्ये पत्र पोहोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे लागायचे आणि हिवाळ्यात पाच महिन्यांपर्यंत. अंधारात, खडकांनी भरलेल्या त्या किनाऱ्यावर रात्रीची बोट कोणी न्यायला तयार नव्हतं. विथने घड्याळ, होकायंत्र आणि आपल्या वाटाड्यांच्या नोंदी यांवर भिस्त ठेवून ती नेली.

"म्हणजे आपल्याकडे कोकण बोट होती तशी," मी म्हटलं. "आपली बंद झाली. त्यांची अजून चालू आहे, अहो. मला आईची बोट बघायचीय."

हे बराच वेळ काही बोलले नाहीत. गडकरी रंगायतनजवळ आल्यावर म्हणाले, "मार्च 2019 चं वाचलंस का?" ह्यांनी ते वाचून ठेवलं होतं. हुस्टाडविका नावाच्या उघड्या समुद्राच्या पट्ट्यात वादळात एका मोठ्या क्रूझची इंजिनं बंद पडली. जहाज खडकांकडे वाहत चाललं होतं. 479 माणसांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं, इंजिनंही परत सुरू झाली आणि बोट मोल्डे बंदरात आली. कोणी दगावलं नाही. पण आमची बोट त्याच पाण्यातून जाणार होती.

मी गप्प बसले. अशा भीतीला आकड्यांनी उत्तर देऊ नये असं मला वाटतं. घरातलं माणूस ज्या पाण्यात गेलं त्या पाण्याबद्दलची भीती ती. शेवटी आठवड्याभराने ह्यांनीच वही पुढे केली. ट्रोम्सोचं विमान खोडलं होतं आणि तिथे लिहिलं होतं: बर्गन ते ट्रोम्सो, बोट, चार रात्री. खाली, 'पुढे किर्केनेस नाही.' त्या बोटीचं तिकीट हव्या त्या दोन बंदरांमधलं काढता येतं, आपल्या एसटीसारखं. हे मला माहीत होतं, पण ह्यांनी ते स्वतः शोधून काढलं होतं.

काळ ठरवायला वेळ लागला नाही. जून-जुलैत तिकडे सूर्य मावळत नाही, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, तिकडच्या रात्रीच्या आकाशात पसरणारा रंगीत उजेड, दिसायचा प्रश्नच नाही. डिसेंबरात ट्रोम्सोला सूर्य उगवत नाही, किनारा पाहायला मिळणार नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात दिवस-रात्र सारखी, थंडी सोसवेल इतकी. 2024 मध्ये गौरी-गणपती बारा सप्टेंबरला गेले, पंधराला आम्ही निघालो, नवरात्र बसायच्या आत परत. पितृपक्षात एवढा लांबचा प्रवास म्हणून ताईंचं मन खात होतं. ह्यांनी सर्वपित्रीला घरी असू असा शब्द दिला तेव्हा त्या शांत झाल्या.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. माणशी 90 युरो, तीस हजार युरोंचा आरोग्यविमा, आणि प्रत्येक रात्री कुठे झोपणार याचा कागद. बोटीच्या चार रात्रींना बोटीचं बुकिंग जोडलं. तूप, पेढे, खवा-बिवा काही नेलं नाही, कारण युरोपबाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणू देत नाहीत. मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि तिखटमिठाच्या पुऱ्या चालल्या. कपड्यांत खर्च करायचा तर आतल्या लोकरीच्या कपड्यांवर करा. सुती बनियन घामाने ओलं झालं की तेच गारठवतं. वरचं वाऱ्याचं जाकीट साधं असलं तरी भागतं.

ओस्लोहून गाडी निघाली तेव्हा ह्यांनी खिडकी घेतली आणि मी काही बोलले नाही. चारेक तासांनी फिन्से आलं, 1,222 मीटर, त्यांच्या रेल्वेचं सगळ्यात उंच स्टेशन. झाडं कधीच संपली होती. करडे दगड, मध्येच काळं पाणी आणि लांब पांढरी हिमनदी. तिथे रस्ताच येत नाही, फक्त रूळ. रुळांवर जागोजागी लाकडी-सिमेंटच्या छपऱ्या, बर्फ साचू नये म्हणून. हे प्रत्येक छपरी मोजत होते. "आमच्याकडे दरडींसाठी करतात तसंच. पण इथे गँगमनने जानेवारीत काय करायचं?" असं म्हणाले आणि बराच वेळ त्या एका प्रश्नावर थांबले. मॉन्सूनच्या रात्री पेट्रोलिंगला गेलेली माणसं आठवली असणार. बाहेरचं दृश्य मी पाहत होते. त्या दृश्यात काम करणारी माणसं ह्यांना दिसत होती.

फ्लोमची गाडी वीस किलोमीटरच आहे, पण त्यात साडेआठशे मीटरहून जास्त खाली उतरते, आणि वीस बोगदे. त्यातले अठरा हाताने खोदलेले. एका ठिकाणी बोगदा डोंगराच्या पोटात गोल वळतो आणि बाहेर आल्यावर मघाचा रूळ डोक्यावर दिसतो. ब्रेक धरल्याचा आवाज ह्यांनी डोळे मिटून ऐकला. मी ह्यांना एवढं आनंदात गेल्या दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. जमिनीच्या बाजूने मी जे काही सांगेन त्यात हे पहिलं: डोंगर चढल्याशिवाय फियॉर्ड कळत नाही. वरून खाली उतरत आलं की मगच समजतं की ही दरी आहे आणि तिच्या तळाशी समुद्र घुसलाय.

हे मुलांना समजावताना मी विजयदुर्गची वाघोटण खाडी सांगायचे. आपली खाडी म्हणजे बुडालेलं नदीचं खोरं, उथळ, गाळाचं. फियॉर्ड हिमनदीने कोरलेला, यू आकाराचा. सोग्नेफियॉर्ड 204 किलोमीटर आत जातो, आणि सर्वांत खोल जागी 1,308 मीटर पाणी. तोंडाशी मात्र त्याच्या कितीतरी कमी, कारण तिथे हिमनदी पातळ होत गेली आणि तिचा उंबरठा शिल्लक राहिला. फ्लोमहून आम्ही त्याच्याच एका फाट्यातून विजेवरच्या होडीने गुडव्हांगेनला गेलो. नेरॉयफियॉर्ड, सगळ्यात अरुंद जागी अडीचशे मीटर. आवाजच नव्हता. कड्यावरून पडणारं पाणी ऐकू येत होतं, आणि काठावरच्या एका बकरीची घंटा. तीस वर्षं खडूने काढलेली रेघ माझ्या दोन्ही बाजूंना उभी होती. मला रडू आलं. ह्यांनी फक्त माझी पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

एकोणीस तारखेच्या रात्री बर्गनला बोटीवर चढलो. आता माझ्या गुडघ्यांबद्दल. तीस वर्षं उभं राहून शिकवल्याने दोन्ही गुडघे गेलेले आहेत. ओस्लो, फ्लोम, बर्गन या चार दिवसांत तीन हॉटेलं, दोन स्टेशनांवरची चढउतार आणि दगडी फरशांचे रस्ते झाले होते. संध्याकाळी पाय सुजायचे. बोटीवर बॅग एकदा कपाटात ठेवली ती चार दिवस तिथेच. लिफ्ट आहे, जेवणघर त्याच मजल्यांवर, आणि काचेच्या मोठ्या खिडक्यांशी बसून सगळा किनारा पुढून सरकत जातो. ज्यांच्या घरात वयस्कर आई-वडील आहेत त्यांनी बोटीचा विचार आधी करावा. एक मात्र बघून ठेवा: भरती-ओहोटीप्रमाणे उतरण्याची फळी कधी सपाट असते, कधी चांगलीच उभी. मला दोनदा खलाशाचा हात धरावा लागला. हात धरला तेव्हा आईच आठवली.

दुसऱ्या रात्री मोल्डे सोडलं. मध्यरात्रीच्या सुमारास हुस्टाडविका. बाहेर वादळ नव्हतं, साधा वारा होता, पण बेटांचा आडोसा संपला आणि बोट लांब लांब झोके खायला लागली. कपाटातले हँगर एका लयीत आपटत होते. मला बोट लागली. आईला लिंबाने बरं वाटायचं, मला कशानेच वाटेना. गोळी आधी घ्यायची असते. मी उलटी व्हायला लागल्यावर घेतली आणि ती पोटात राहिलीच नाही. हे रात्रभर जमिनीवर बसून होते, पाठ पलंगाला टेकलेली, एक हात माझ्या कपाळावर. दुसऱ्या हाताने ह्यांनी पलंगाची कड धरली होती. दिवा लावला नाही. एकदाच म्हणाले, "इंजिनचा आवाज सारखा आहे. सारखा आहे तोवर काळजी नाही." रात्री किती वाजता कोण जाणे, बोट शांत झाली. आम्ही क्रिस्टियानसुंडच्या बंदरात शिरत होतो. मग हे उठून वर डेकवर गेले, थंडीत, एकटेच. अर्ध्या तासाने आले. डोळे लाल होते. काय केलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना आपणहून म्हणाले, "काकाआजोबांचं नाव घेऊन पाणी सोडलं."

पितृपक्षच चालू होता.

क्रिस्टियानसुंड हे खारवलेल्या सुक्या माशांचं गाव. कॉड मीठ लावून वाळवतात. उत्तरेला लोफोटेनमध्ये तोच मासा मिठाशिवाय, लाकडी मांडवांवर जोडीजोडीने टांगून, थंड वाऱ्यात वाळवतात, फेब्रुवारी ते मे. आम्ही गेलो तेव्हा मांडव रिकामे होते. बोटीवर त्या खाऱ्या माशाची टोमॅटो-बटाटा घातलेली आमटी मिळाली. पोट रिकामं झालेलं, बाहेर धुकं आणि ती गरम वाटी. सुकट भिजवून केलेल्या रश्श्याच्या फार जवळची चव. मी दोनदा घेतली.

तिसऱ्या रात्री रोर्विक. तिथे उत्तरेला जाणारी बोट आणि दक्षिणेला येणारी बोट एकाच वेळी धक्क्याला लागतात. मी केबिनमध्ये होते. हे धावत आले. "अगं, चल वर, क्रॉसिंग आहे!" एकेरी मार्गावर एक गाडी थांबते, समोरची येते, मग दोघी सुटतात, ते हे. वर गेलो तर समोर आमच्यासारखीच दिव्यांनी भरलेली दुसरी बोट. खाली धक्क्यावर एक फोर्कलिफ्ट पाळीपाळीने पुठ्ठ्याची खोकी आणि एक नवीकोरी सायकल उतरवत होता. शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी आमच्या बोटीतून उतरली, एका म्हाताऱ्या बाईने तिला मिठी मारली आणि दोघी गाडीत बसून गेल्या. पाच मिनिटांत धक्का रिकामा. ती मुलगी आमच्यासोबत जेवणघरात होती आणि मला वाटलं होतं, तीही पर्यटक. आईची बोट ती हीच.

बावीस सप्टेंबर, विषुवदिन. त्या दिवशी ठाण्यात आणि ध्रुववृत्तावर दिवस सारखाच, बारा तासांच्या आसपास. सकाळी लवकर एका खडकावर लोखंडी पृथ्वीगोल दिसला, 66 अंश 33 मिनिटांची खूण. भोंगा वाजला. डेकवर कोणाकोणाच्या मानेत बर्फाचे खडे टाकायचा सोहळा झाला. मी मात्र कठड्याला धरून पाण्याकडे पाहत होते. या अक्षांशावर सैबेरियात समुद्र गोठतो, आणि इथे बंदरं बारा महिने उघडी, कारण अटलांटिकचा उष्ण प्रवाह मेक्सिकोच्या बाजूचं गरम पाणी इथवर घेऊन येतो. परीक्षेत दोन मार्कांना विचारायचे मी हे.

बोट काय देत नाही, तेही सांगायला हवं. बोडोला अडीच तास मिळाले, पण जेमतेम गाव फिरून होतं. लोफोटेनचे डोंगर समुद्रातून भिंतीसारखे उठताना संध्याकाळी दिसले. तो देखावा जमिनीवरून तसा मिळणार नाही, आणि मी तो विसरणार नाही. पण स्वोल्व्हरला पोहोचलो तेव्हा रात्र, तासभर थांबा, बंद दुकानं. लोफोटेनमध्ये चार दिवस गाडी घेऊन राहिलेल्या माणसाशी बोटीवरच गप्पा झाल्या. त्याने पाहिलेल्या वाळूच्या किनाऱ्यांची, माशांच्या वखारींची नावं मी फक्त वहीत लिहून घेतली. वेळापत्रक बोटीचं असतं. जिथे जीव रमतो तिथे थांबता येत नाही.

आणि ध्रुवीय प्रकाश. बोटीवर तो दिसला की केबिनमध्ये सांगतात, रात्री तीनलाही. किनाऱ्यापासून दूर डेकवर अंधार चांगला असतो. पण ढग असले तर बोट त्यांना सोडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. आम्हाला चारही रात्री ढग. ट्रोम्सोला उतरलो त्या रात्रीही पाऊस. तिसऱ्या रात्री आठ जणांच्या एका छोट्या गाडीतून वाटाड्या आम्हाला आत, फिनलंडच्या दिशेने, शिबोटनला घेऊन गेला. का, ते मला लगेच कळलं. लिंगेनचे उंच डोंगर समुद्राकडचे ढग अडवतात आणि मागे पर्जन्यछाया. महाबळेश्वरला बेदम पाऊस आणि खाली वाईला कोरडं, तसं. शंभरेक किलोमीटरवर आभाळ स्वच्छ.

आधी तो ढगासारखाच दिसला, फिकट राखाडी पट्टा. मी म्हटलंसुद्धा, इथेही ढग. मग पट्टा हलला. डोळ्यांना सवय झाली तसा हिरवा होत गेला, आणि एकदम डोक्यावरून दुसऱ्या टोकापर्यंत पडद्याच्या निऱ्या पडल्यासारखा पसरला. खालची कड क्षणभर गुलाबी झाली. शंभर किलोमीटरहून वर, तिथला प्राणवायू असा हिरवा उजळतो. मी हे शिकवलेलं आहे. हे मान वर करून उभे होते, माकडटोपी कपाळावर सरकलेली, आणि कोणीच बोलत नव्हतं. वाटाड्याने शेकोटी पेटवली. रात्री अडीचपर्यंत थांबलो, कारण कोणी निघा म्हणत नव्हतं. बोटीवर हे मिळालं नसतं.

म्हणून मला कोणी विचारलं की मी आधी विचारते: बरोबर कोण येतंय, आणि काय बघायचंय? आकाशासाठी जात असाल तर जमिनीवर राहा, एका गावात निदान चार रात्री, आणि ढगांपासून लांब नेणारा माणूस गाठा. किनारा बघायचा असेल, बरोबर थकलेले पाय असतील, तर बोट. ज्यांना करमणूक, लहान मुलांसाठी खेळ, गुजराती थाळीसकट सगळं एका ठिकाणी हवं, त्यांनी ताईंसारखी मोठी क्रूझ घ्यावी, तीत कमीपणा काहीच नाही. पण मोठी क्रूझ आणि ही किनाऱ्याची बोट एकच समजू नका. टूरवाले दोन्हींना क्रूझच म्हणतात. बंदरांची यादी मागा. थांबे दोनचार असतील तर ती क्रूझ, तीस-चौतीस असतील आणि त्यातले अर्धे रात्रीचे असतील तर बोट. खर्चात बोट स्वस्त पडत नाही, पण जेवण धरून हिशेब करा, कारण तिकडे बाहेर साधं सूप-पाव घेतलं तरी खिसा हलका होतो. आम्ही खिडकीची पण समोर जीवरक्षक होडी असलेली केबिन घेतली. ती बरीच कमी दरात मिळाली, आणि उजेड तर तेवढाच येतो.

ट्रोम्सोतल्या शेवटच्या संध्याकाळी थंडी वाढली होती. जेवायला लवकर जाऊ म्हणून निघालो, तर हे बंदराकडे वळले. धक्क्याला त्या दिवशीची बोट लागलेली होती, आमची नव्हे, तिच्यामागून तीन दिवसांनी आलेली. पुढे किर्केनेसला जाणारी. फोर्कलिफ्टने शेवटची खोकी आत टाकली, बाजूचा दरवाजा वर उचलला गेला. दोर सुटला. बोट पुलाच्या दिशेने सरकली, तेव्हा आकाशात अजून थोडा उजेड होता. हे हातमोजा काढून घड्याळाकडे पाहत होते.

"राइट टाइम," म्हणाले. आणि ती पुलाखालून पलीकडे जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.